प्रकल्प नोंदी: मादाम रेकामिएची अर्धवट भिंत

२ जून २०२४, रविवार

एकदाचं सुरू करतेय. दरवेळी वाटतं नोंदी कशाला ठेवायच्या, लक्षात राहील की, आणि मग तीन महिन्यांनी कुठला ब्राउन कशात मिसळला होता ते काही केल्या आठवत नाही, म्हणून या वेळी लिहून ठेवणार. प्रकल्प असा, जाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने केलेल्या मादाम रेकामिएच्या पोर्ट्रेटची तैलरंगात कॉपी, मूळच्या साधारण एक तृतीयांश आकारात. मूळ चित्र पावणेदोन मीटर उंच आणि रुंदीला दोन मीटरच्या वर, तेवढा कॅनव्हास आमच्या जिन्यातून वर यायचाच नाही. माझा २३ इंच उंच, रुंदी प्रिंटच्या प्रमाणात मोजून घेतली.

हेच चित्र का? गेल्या वर्षी मे महिन्यात युरोप टूरला गेलो होतो, पॅरिसच्या लूव्र म्युझियमला दोन तास दिले होते, सगळा ग्रुप मोनालिसाकडे पळाला आणि आम्ही दोघं गर्दीत मागे पडून त्या लाल भिंतींच्या मोठ्या हॉलमधे शिरलो. तिथे दाविदचंच नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं अवाढव्य चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, नवरा त्याच्यापुढे माणसं मोजत उभा राहिला. मी या बाईपुढे. पांढरा झगा, अनवाणी, लांबट कोचावर रेलून मान आपल्याकडे वळवलेली, बाजूला उंच स्टँडवर जुन्या रोमन पद्धतीचा दिवा, बास. बाकी खोलीत काहीच नाही. जवळ गेले तर दिसलं की मागची भिंत रंगवलेलीच नाहीये. म्हणजे रंगवलीय, पण पातळ तपकिरी-करडा रंग ब्रशने घासून तसाच सोडून दिलाय, सगळे फटकारे उघडे, मधनंमधनं खालचं अस्तर (रंगवायच्या आधी कॅनव्हासला देतात तो थर) दिसतंय. आणि तरी ती भिंत वाटते! तेव्हापासून डोक्यात आहे.

(क्लासमधे सांगितलं की एकोणिसाव्या शतकातलं चित्र करतेय तर एकाने लगेच सांगितलं, चित्र १८०० सालचं आहे आणि १८०० हे अठराव्या शतकाचं शेवटचं वर्ष. बरोबर आहे. पुण्यात राहायचं तर हे ऐकायचं.)

९ जून

आज रंगाला हात नाही, नुसतं वाचन. बाई कोण ते माहीत नसताना चेहरा काढायचा नाही असं सरांनी पहिल्यापासून डोक्यात भरवलंय.

ज्युलिएत रेकामिए. जन्म लियोंचा, डिसेंबर १७७७. १७९३ मधे पंधराव्या वर्षी लग्न, नवरा बँकर, वयाने सव्वीस-सत्तावीस वर्षांनी मोठा. १७९३ म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसमधे रोज गिलोटिनवर मुंडकी उडत होती ते वर्ष. चित्राला बसली तेव्हा २२ वर्षांची होती आणि पॅरिसमधली सगळ्यात चर्चेतली बाई होती, तिच्या घरच्या बैठकीला लेखक, राजकारणी, सेनापती सगळे हजर. पुढे १८०५ मधे नवऱ्याची बँक बुडाली. नेपोलियनच्या विरोधातल्या लेखिका मादाम द स्ताएलशी मैत्री सोडली नाही म्हणून १८११ मधे पॅरिसबाहेर काढलं. परत आल्यावर एका मठाच्या आवारात लहान जागा घेऊन राहिली आणि लोक तिथेही यायचे, लेखक शातोब्रियाँ तर नेमाने. १८४९ मधे कॉलऱ्याने गेली.

आणि दाविद तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. राज्यक्रांतीत पार गळ्यापर्यंत बुडालेला, राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलेला माणूस, क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर पडल्यावर तुरुंगात जाऊन आलेला. १८०० मधे त्याला या बाईचं पोर्ट्रेट करायला मिळतं आणि तो ते अर्धवट सोडतो. का सोडलं याची एक गोष्ट सगळीकडे सापडते, ती पुढे लिहीन, आज आईंना डॉक्टरकडे न्यायचंय.

१६ जून

ग्रीड पाडली. प्रिंटवर एक इंचाचे चौकोन, कॅनव्हासवर दोन इंचाचे. प्रिंटच्या दुकानात तीन प्रिंट काढल्या, एक पिवळी आली, एक हिरवट, एक बरी. ऑनलाइन दहा ठिकाणी दहा रंगांची बाई आहे, कुठे भिंत शेणासारखी तर कुठे राखाडी. मी मोबाइलवर काढलेले फोटो अंधारे आहेत पण निदान त्यांत लूव्रचा उजेड आहे म्हणून रंगासाठी तेच धरायचं ठरवलं आणि रेषेसाठी प्रिंट.

चौकोन पाडताना एक गोष्ट लक्षात आली, ती नुसत्या बघण्यात आली नव्हती. बाई चित्राच्या खालच्या अर्ध्यातच आहे. वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामा! दिव्याचा स्टँड सोडला तर वर काहीही नाही. पोर्ट्रेट म्हटलं की आपण उभा कॅनव्हास घेतो आणि माणूस त्यात ठासून भरतो, इथे कॅनव्हास आडवा आणि माणूस तळाशी. म्हणजे मला जे करायचंय त्यातला अर्धा भाग भिंतच आहे. हे आधी कळलं असतं तर दुसरं चित्र निवडलं असतं बहुतेक.

२३ जून

आज भाचीला बसवलं. ती पण २२ची, फोटोत हात दिसतो पण खांद्यापासून वजन कुठे जातं ते कळत नाही म्हणून प्रत्यक्ष बघायचं होतं. हॉलमधल्या दिवाणावर दोन लोड एकावर एक ठेवले (मूळ चित्रात पण दोन लोडच आहेत, लोड-तक्क्याला फ्रेंचमधे काय म्हणतात माहीत नाही पण वस्तू तीच), डावं कोपर लोडावर, उजवा हात अंगावरनं मांडीकडे सैल सोडलेला, पाय कोचावर लांब, आणि मान उजव्या खांद्यावरनं आपल्याकडे. बघायला इतकं आरामात वाटतं. सात मिनिटांत भाची म्हणाली, "मावशी, मानेत उसण भरली." बाराव्या मिनिटाला पायाला मुंग्या. आई आतून आल्या, बघून म्हणाल्या, "पोरीला नीट तरी बसू दे, कुठे दुखतंय का तिला?"

पण त्या बारा मिनिटांत कळायचं ते कळलं. शरीर बघणाऱ्याकडे वळलेलंच नाहीये, अर्धवट पाठमोरं आहे, नुसती मान फिरलीय. म्हणून ती जवळ असून लांब वाटते. कोणीतरी दारात आलं म्हणून मान वळवलीय, उठायची तसदी घेणार नाही, असा भाव.

कपड्याची पण गंमत. झग्यासाठी माझी पांढरी मलमलची ओढणी घेतली तर ती नवी, खळ होती, चुण्या ताठ उभ्या राहिल्या, अगदी लिफाफ्यासारख्या. तीनदा धुतली तरी तेच. शेवटी आजेसासऱ्यांचं जुनं धोतर काढलं ट्रंकेतून, पन्नास वर्षं धुतलेलं, ते असं काही पडलं अंगावर की वा! चुणी येते, थोडी धावते आणि मधेच विरून जाते, खालचा गुडघा कळतो पण दिसत नाही. दाविदच्या चित्रात हुबेहूब तसंच आहे. आणि ते साहजिक पण आहे कारण त्या वेळी पॅरिसमधे पांढऱ्या पातळ सुती झग्यांची जी लाट आली होती त्यातलं सगळ्यात उंची कापड म्हणजे बंगालची मलमल. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेईचं उत्खनन आधीच्या पन्नास-साठ वर्षांत झालं होतं, तिथली भित्तिचित्रं आणि ग्रीक-रोमन पुतळे बघून बायकांना संगमरवरी पुतळ्यासारखं दिसायचं होतं. म्हणजे दिसायचं रोमन, आणि अंगावर कापड ढाक्याच्या विणकराचं. हे वाचल्यापासून मला त्या झग्याबद्दल जरा आपुलकी वाटायला लागलीय.

३० जून

पालखी. रस्ते बंद, क्लास बंद, घरी पाहुणे. काही नाही.

१४ जुलै

पहिली माती खाल्ली.

भिंतीचा एक हात चाचणी म्हणून एका छोट्या कॅनव्हासवर मारला. रॉ अंबर (मातकट तपकिरी), थोडा आयव्हरी ब्लॅक, चिमूटभर यलो ऑकर (मातीचा पिवळा), भरपूर टर्पेंटाइन, जाड केसांचा ब्रश. रंग टेकवला की जागेवरच शोषला गेला, टिपकागदावर शाई पडावी तसा. ब्रश पुढे सरकेचना. आणि सुकल्यावर सगळं मेलेलं, मॅट, चहाच्या डागासारखं.

सरांना फोटो पाठवला. सर म्हणाले, "अस्तर बघ आधी." बाजारातला तयार कॅनव्हास असतो त्याला ॲक्रिलिक जेसो म्हणजे पांढरं तयार अस्तर असतं, ते तेल पितं. दाविदच्या काळात ॲक्रिलिक नव्हतंच, कॅनव्हासला तेलातलं अस्तर द्यायचे, ते घट्ट आणि गुळगुळीत, त्यावर पातळ रंग तरंगतो, सरकवता येतो, चिंधीने पुसता येतो, आणि मुख्य म्हणजे खालचा फिकट रंग वरच्या पातळ थरातून उजळतो. त्याची भिंत 'श्वास घेते' म्हणतात ती याच्यामुळे. मी कागदावर रंग ओतत होते आणि तो काचेवर पसरवत होता असं म्हटलं तरी चालेल.

उपाय: मोठ्या कॅनव्हासवरची पेन्सिल हलक्या हाताने पक्की केली, पॉलिश पेपर फिरवला, वर टायटॅनियम व्हाइटमधे कणभर ऑकर आणि अंबर घालून अगदी पातळ तेलाचा थर दिला. पेन्सिल खालून पुसट दिसतेय, तेवढं पुरे. आता हे सुकेपर्यंत हात बांधून बसायचं.

२८ जुलै

सुकत नाहीये. गुरुवारी धो धो पाऊस झाला, नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, लोकांचे संसार गेले, आणि मी इथे कॅनव्हास चिकटतोय म्हणून रडतेय. बोट लावलं की ठसा उठतो. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने सुकतं, पाण्यासारखं उडून जात नाही, त्यामुळे पंखा लावून फार उपयोग नाही, उजेड आणि ऊब लागते आणि पुण्यात दोन आठवडे दोन्ही नाही. बेडरूममधे ठेवलाय, टर्पेंटाइनच्या वासावरून घरात बोलणी खाल्ली.

११ ऑगस्ट

सुकलं! चेहरा सुरू.

चेहरा सरळ केला, त्यात फार लिहिण्यासारखं नाही, मूळ चित्रात चेहराच सगळ्यात जास्त पूर्ण आहे त्यामुळे कॉपी करायला सगळ्यात सोपा, हे उलटं वाटेल पण खरंय. पातळ थर, ओठांना जरा वर्मिलियन लाल, गालावर अगदी थोडं. कुरळे आखूड केस आणि त्यांवरनं गेलेली काळी फीत. फितीची जाडी एका मिलिमीटरने चुकली तर बाई एकदम शाळेतली मुलगी दिसायला लागते, दोनदा पुसली.

१८ ऑगस्ट

झगा. इथे पांढऱ्याने त्रास दिला. टायटॅनियम व्हाइट विसाव्या शतकातला रंग, फार झाकणारा आणि गारढोण, एका हातात सगळं खडूसारखं होतं. दाविदकडे होता शिशाचा पांढरा, तो उबदार आणि अर्धपारदर्शक, दोरीसारखा ओढला जातो. शिसं विषारी, घरात लहान मूल आहे, नको. झिंक व्हाइट जास्त आणि टायटॅनियम कमी असं मिसळून त्यात थेंबभर तेल टाकलं तेव्हा जरा वळणावर आलं. सावल्यांत काळा अजिबात घातला नाही, नुसता खालचा अस्तराचा रंग उघडा ठेवला, मूळ चित्रात पण बऱ्याच ठिकाणी तेच केलेलं दिसतं. धोतर समोर खुर्चीवर टाकून ठेवलंय, अडलं की बघते.

पाय राहिलेत. पाय मला जमत नाहीत, कधीच जमले नाहीत.

२५ ऑगस्ट

दिवा आणि कोच एका बैठकीत. उंच स्टँड, वर दिवा. आई म्हणाल्या ही समई एवढी लुकडी कशी. या दिव्याबद्दल जुनी वदंता अशी की तो दाविदने नाही, त्याच्या विद्यार्थ्याने केला, अँग्रने, जो तेव्हा जेमतेम १९-२० वर्षांचा होता आणि पुढे स्वतःच केवढा मोठा झाला. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण रंगवताना एक जाणवतं की दिव्याची कडा बाकीच्या चित्रापेक्षा जास्त शिस्तीत आहे. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला वस्तुचित्रात तांब्या-भांडं असायचं ना, दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही ते पट्टीने तपासायचो, तसं कोणीतरी जीव मुठीत धरून काढलेलं वाटतं. मला तर बाई गुरूच्या ब्रशची आणि समई पोराच्या ब्रशची हे पटलं, पुरावा मागू नका.

कोच पण दाविदच्या स्टुडिओतलाच. रोमन चित्रांत दिसतं तसं फर्निचर तो मुद्दाम झाकोब नावाच्या पॅरिसमधल्या नावाजलेल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचा, चित्रांत वापरायला. आणि नशीब बघा, या बाईने पुढे पन्नास वर्षं केवढ्या लोकांना एकत्र आणलं, पण आज जगभर फर्निचरच्या दुकानात 'रेकामिए' म्हटलं की लोकांना हा कोच कळतो.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून कपाटामागे. मोदक ६१.

२२ सप्टेंबर

आता भिंत.

पहिला प्रयत्न: प्रिंट शेजारी लावून एकेक फटकारा उतरवला. डावीकडचा तिरका, मग त्याच्यावरनं जाणारा आडवा, मग तो घासलेला ठिपका. साडेतीन तासांत वीतभर भिंत झाली. लांबून बघितलं आणि पोटात गोळा आला, कुत्र्याचे केस चिकटल्यासारखं दिसत होतं. त्याने एका सेकंदात मारलेला फटकारा मी चाळीस सेकंदांत काढत होते, त्यामुळे आकार तोच पण वेग गेला. सही बघून बघून सही करावी तसं. कुठलाही बँकवाला ओळखेल (मी बँकेत आहे, मी ओळखते).

टर्पेंटाइनने पुसलं.

२९ सप्टेंबर

दुसरा प्रयत्न: मोठा ब्रश, बिनधास्त. फार बिनधास्त झालं, घर रंगवायच्या आधी पेंटर लांबी मारतात तसं. पुसलं.

तिसरा: चिंधीने. ढग आले. पुसलं.

पुसताना दर वेळी झग्याच्या कडेला टर्पेंटाइन लागतं ते वेगळंच. खांद्याजवळची कड दोनदा दुरुस्त केली.

रात्री झोप येईना म्हणून ती राहिलेली गोष्ट लिहून ठेवते. चित्र अर्धवट का राहिलं? १८०० च्या सप्टेंबरमधे दाविदने तिला पत्र लिहिलं की झालंय त्यावर मी समाधानी नाही, दुसऱ्या जागेत नव्याने सुरू करू. म्हणजे त्याचंच अडलं होतं. दाविद सावकाश काम करायचा आणि बाईंना धीर नव्हता, तिने मधेच त्याच्याच शिष्याला, फ्रांस्वा झेरारला, पोर्ट्रेट सांगितलं. गुरूला कळलं, तो म्हणे म्हणाला की बायकांना लहरी असतात तशा चित्रकारांना पण असतात, आता तुमचं चित्र मी आहे तसंच ठेवतो. हे बोलणं कानोकानी आलेलं आहे, शब्द तसेच होते का देव जाणे. पण चित्र ठेवलं खरंच त्याने. निर्वासित म्हणून ब्रसेल्समधे राहत असताना १८२५ च्या शेवटी तो वारला आणि १८२६ मधे चित्र लूव्रकडे आलं.

झेरारचं चित्र १८०५ चं, पॅरिसलाच कार्नावाले म्युझियममधे आहे. मी ते प्रत्यक्ष नाही बघितलं, नुसत्या प्रिंटवर बोलतेय. उभं चित्र, खांबांची ओवरी, पडदा, वळणदार खुर्चीत बसलेली, पुन्हा अनवाणी, मांडीवर पिवळी शाल, खांदे उघडे, जरा लाजरं हसू. सगळं पूर्ण, खांबाचा दगड नि दगड पूर्ण. बाईला ते आवडलं आणि आपल्याला पण पहिल्यांदा बघताना तेच आवडतं, खोटं कशाला बोला. मैत्रिणीला दोन्ही दाखवली तर ती लगेच म्हणाली हे दुसरं करायचंस ना, छान आहे. ते चित्र पुढे ज्युलिएतने प्रशियाच्या प्रिन्स ऑगस्टला दिलं, त्याचं हिच्यावर प्रेम होतं, आणि १८४३ मधे तो गेल्यावर ते परत तिच्याकडे आलं.

झेरारच्या चित्रातली बाई आपल्याला खूश करायला बसलीय. दाविदची तशी नाही. मला वाटतं तिला स्वतःला तेच खटकलं असणार, पण हे माझं आपलं.

६ ऑक्टोबर

सर घरी येऊन गेले. चहा घेतला, चित्राकडे बघितलं, भिंत पुसून पुसून डाग पडलेत तिकडे बोट केलं आणि विचारलं, "हे करताना तू कुठे बघतेस?" मी म्हटलं प्रिंटकडे. म्हणाले, "तो कुठे बघत होता?"

मला कळायला दोन मिनिटं लागली. तो बाईकडे बघत होता! भिंतीकडे नाही. भिंतीचे फटकारे हे भिंतीचं वर्णनच नाहीये. त्याला बघायचं होतं की हा खांदा किती उजळ ठेवू, तर खांद्यामागे जरा गडद घासलं, मग पायाकडे किती, तर तिकडे घासलं, दिव्यामागे हलकं. सगळी भिंत म्हणजे बाईबद्दलचे प्रश्न आहेत, ब्रशने विचारलेले. दाविदच्याच 'माराचा मृत्यू' या चित्रात पण (मारा म्हणजे खून झालेला क्रांतिकारक; चित्र १७९३ चं, ब्रसेल्सला आहे) वरचा अर्धा भाग अशीच घासलेली रिकामी भिंत आहे आणि ते चित्र तर पूर्ण झालेलं, सही केलेलं आहे. म्हणजे अशी भिंत त्याने मुद्दाम पण ठेवलेली आहे. मग इथली खरंच अर्धवट का? पुढे झेरारसारखे खांब आणि पडदे येणार होते का? मला नाही वाटत. थोडी अजून बसली असती, एवढंच.

सर जाताना आईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "काकू, हिला अर्धवट काम करायला शिकवतोय." आई म्हणाल्या ते तिला येतं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, आज सुट्टीच. ब्रशांना काल हळदकुंकू वाहिलं होतं, एकाच्या केसांत अजून कुंकू आहे.

सकाळी साडेआठला बाल्कनीचं दार उघडून उजेड घेतला. प्रिंट उलटी करून ठेवली. भिंत पूर्ण पुसून अस्तर कोरडं केलेलं होतंच. रंग एका वाटीत, रॉ अंबर आणि काळा, ऑकर कमी, पातळ पण टपकणार नाही असा. दोन ब्रश, एक इंची आणि एक झिजलेला अर्धा इंची. ठरवलं की चाळीस मिनिटं आणि हात थांबवायचा, आणि बघायचं फक्त बाईकडे.

डोक्यामागून सुरुवात केली. केस गडद म्हणून त्यांच्यामागे फिकट हवं, तर जवळजवळ कोरडा ब्रश नुसता घासला, खालचा पांढरा चमकू दिला. खांदा उजळ, तर त्याच्यामागे तिरके गडद फटकारे, एकमेकांवरनं. पाठीपासून पायाकडे जाताना रंग संपत आला तसा मी परत बुडवला नाही, संपू दिला. वरच्या रिकाम्या भागात हात मोठा फिरवला, खांद्यापासून. एका जागी थेंब ओघळला, तो ब्रशच्या टोकाने वर ओढला, राहिला तसाच. जमीन आणि भिंत यांच्यामधे रेषच काढली नाही, नुसता रंग किंचित बदलला, आणि ती आपोआप जमीन झाली.

अडतीस मिनिटं. मागे जाऊन स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. कोच जमिनीवर टेकला होता. इतके दिवस तो हवेत होता हे मला आत्ता कळलं.

दाविदच्या फटकाऱ्यांशी एक पण फटकारा जुळत नाही. कॉपी म्हणून शून्य मार्क. ठेवलं.

पाय पण त्याच झोकात केले, चार-पाच फटकाऱ्यांत, बोटं मोजायच्या भानगडीत पडले नाही. त्याने पण फार मोजलेली दिसत नाहीत.

२७ ऑक्टोबर

फ्रेमवाल्याकडे. नुसत्या लाकडी पट्टीची साधी फ्रेम, काच नाही. त्याने कॅनव्हास काउंटरवर आडवा ठेवला, वरच्या रिकाम्या भागावर हात फिरवला (मी ओरडले, अजून पूर्ण सुकलेलं नाही) आणि म्हणाला, "मॅडम, बॅकग्राउंड झालं की आणा ना, घाई नाहीये." मी म्हटलं झालंय. तो म्हणाला दिवाळीची गर्दी आहे, तसंही पंधरा दिवस लागतील, तोवर आणखी काही करायचं असेल तर घेऊन जा. माप लिहून घ्यायला लावलं आणि ॲडव्हान्स देऊनच बाहेर पडले.

१० नोव्हेंबर

लागलं. हॉलमधे दिवाणाच्या वर.

हिशोब: कॅनव्हास, रंग, टर्पेंटाइन, तीन प्रिंट, फ्रेम धरून ४,६०० च्या आसपास. कामाचे तास चेहऱ्याला सहा, झग्याला आठ, कोच-दिव्याला पाच. भिंतीला पुसलेले धरून चौदा, न पुसलेले अडतीस मिनिटं.

उरलेलं: व्हार्निश मे महिन्यात, निदान सहा महिने जायला हवेत. डावीकडच्या पायठेवणीचा मागचा पाय मी काढलाच नाही हे आज भिंतीवर लागल्यावर दिसलं. भाचीने सगळ्यात आधी तेच दाखवलं, मग फोटो काढायला त्याच लोडांवर जाऊन तशीच रेलली आणि दोन मिनिटांत मान धरून उठली.

धूळ झटकायला कोणी ओलं फडकं मारू नये म्हणून फ्रेमच्या खाली चिठ्ठी चिकटवलीय. आई दिवाणावर लोडाला टेकून लसूण सोलत बसल्यात, चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "रंग लावायचा राहिलाय असं पण लिही."

पायठेवणीचं रविवारी बघते.